शाळा सोडण्याचे कारण

माझ्या पत्र्याच्या पेटीत शाळा सोडल्याचे चार दाखले आहेत. तळेगाव, इगतपुरी आणि कामठी इथल्या तीन दाखल्यांवर ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात एकच मजकूर आहे, ‘पालकांची बदली’. चौथा पुणतांब्याच्या आपल्या शाळेचा, १९७७ सालचा. त्यावर ‘एस.एस.सी. उत्तीर्ण’ असं लिहिलंय. शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून फोन आला, तेव्हा मी आधी ती पेटी उघडली.

माझे वडील मेथॉडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू. बदली म्हटलं की लोकांना वाटायचं, एस.टी. किंवा पोस्टातली नोकरी असणार. पाळकाची बदली निराळी. वर्षातून एकदा कॉन्फरन्स भरायची आणि शेवटच्या दिवशी बिशपसाहेब नेमणुकांची यादी वाचायचे. नाव पुकारलं जाईपर्यंत कोणी कुठे जायचं याचा पत्ता नसायचा. पाळकाने एका जागी फार रमू नये ही थेट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांच्या काळापासूनची रीत. वेस्ली (१७०३–१७९१) घोड्यावरून अडीच लाख मैल फिरले, असं सांगतात. पप्पा म्हणायचे, “वेस्लीसाहेबांना घोडा होता, मला पंक्चर आहे.”

खोटं नव्हतं ते. १९७२ मध्ये आम्ही पुणतांब्याला आलो तेव्हा पप्पांकडे आसपासची अकरा गावं होती. कॅनॉलच्या कडेचे रस्ते, बाभळीचे काटे आणि एक जुनी सायकल. गावोगाव प्रार्थना चालवायला प्रचारक असत. पण बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन ही दीक्षा मिळालेल्या पाळकाचीच कामं, म्हणून महिन्यातून एकदा तरी प्रत्येक गावी फेरी व्हायचीच. लग्नं आणि मयती वेगळ्या, त्यांना काही वार नसतो.

प्रभुभोजनाची तयारी शनिवारी रात्री आमच्या स्वयंपाकघरात चालायची. प्रभुभोजनाला पाव आणि द्राक्षारस लागतो. मेथॉडिस्टांत दारू वर्ज्य, त्यामुळे आई काळ्या मनुका भिजवून उकळायची, फडक्यातून पिळायची आणि तो रस औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरायची. मग स्टेशनवरच्या बेकरीतून आणलेल्या पावाच्या कडा काढून त्याचे बोराएवढे चौकोनी तुकडे करायची. कडा आम्हा तिघा भावंडांच्या. त्या दुधात बुडवून खायच्या म्हणून आम्ही शनिवारची वाट बघायचो. तुकड्यांना मात्र हात लावायचा नाही. धाकट्याने एकदा लावला. पप्पा काही बोलले नाहीत, आईने पाठीत धपाटा घातला आणि आणखी एक तुकडा कापला.

सहावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात एका मुलाने विचारलं, “पाद्र्याला मुलगी कशी काय?” सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन रडले. दुसऱ्या दिवशी मराठीच्या बाईंनी मला उभं करून सांगायला लावलं की कॅथलिक धर्मगुरू लग्न करत नाहीत, प्रॉटेस्टंट पाळक करतात, आणि मी पाळकाची मुलगी आहे. तो मुलगा पुढे माझा चांगला मित्र झाला. गोदावरीकाठच्या चांगदेव महाराजांच्या देवळात त्यानेच मला पहिल्यांदा नेलं. पप्पांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “गोदावरीला पाणी आहे का?”

पाणी नव्हतंच. तो बाहत्तरचा दुष्काळ. शाळेतल्या अर्ध्या मुलांचे आईबाप खडी फोडायला जात होते. दुष्काळात वाटली जायची ती सुकडी आणि रेशनवरची परदेशी लाल ज्वारी म्हणजे मिलो, या दोन शब्दांवर आमच्या पिढीतल्या कोणीही अर्धा तास बोलेल, तेव्हा ते इथे नको. पण त्या वर्षीचा उपकारस्तुतीचा सण सांगते. एरवी या सणाला मंडळी शेतातलं काहीबाही आणतात, उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. त्या वर्षी वेदीपुढे चार अंडी, दोन कोंबड्या, एक दुधी भोपळा आणि टोपलीभर मिलो. मिलो आणणारी एक म्हातारी होती. खडीच्या कामावर मिळालेला तिच्या वाटचा मिलो होता तो. पप्पा म्हणाले, “आजी, हा घरी न्या.” ती म्हणाली, “पाळकसाहेब, मी तुम्हाला थोडाच दिलाय?” दुधीचा लिलाव पाच वेळा झाला. जो घेई तो परत वेदीवर ठेवी. शेवटी तो आमच्याच घरी आला, कारण कुणालाच त्याची भाजी आवडत नव्हती. आम्हालाही नव्हती.

पगार उशिरा यायचा हे आता सांगायला हरकत नाही. आपल्या शाळेत मी ई.बी.सी.च्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीच्या सवलतीवर शिकले. आमच्या मंडळीतली बहुतेक कुटुंबं मूळची दलित. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना नाकारल्या. माणूस चर्चमध्ये गेला म्हणून गावाने त्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं असं नाही. हा हिशेब मला तेव्हा कळत नव्हता, आता कळतो, आणि पटत अजूनही नाही.

पुणतांब्याला चार वर्षं मिळाली. आमच्या घराच्या मानाने हा मुक्कामच म्हणायचा. आईने परसात लिंबाचं रोप लावलं. ती प्रत्येक ठिकाणी काही ना काही लावायची. आधीच्या पाळकीणबाईंनी लावलेल्या झाडाची फळं आम्ही खायची, आमच्या झाडाची पुढच्यांनी, असा तो व्यवहार होता.

१९७६ साली कॉन्फरन्सहून पप्पांची तार आली. आईने ती उभ्या उभ्याच वाचली, “वाशीम”, आणि माळ्यावरचे डबे काढायला लागली. मी दहावीत जाणार होते. अकरावीची मॅट्रिक जाऊन नवी दहावी सुरू झाली, तिची आमची तिसरी बॅच. मी सवयीने ऑफिसात दाखला मागायला गेले. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी लिहायला घेतलाही होता. तेवढ्यात मराठीच्या बाई आत आल्या. “दहावीच्या वर्षी दाखला? ठेवा तो पेन खाली,” म्हणाल्या. मग संध्याकाळी घरी आल्या. आईशी काय बोलल्या मला माहीत नाही, मला चहा करायला पाठवलं होतं.

ठरलं असं की मी इथेच राहायचं, येणाऱ्या पाळकसाहेबांच्या घरी. म्हणजे आमच्याच घरी. सामान गेलं, माणसं गेली, आणि पाच दिवसांनी दुसरी माणसं, दुसऱ्या पेट्या, दुसरं हार्मोनियम त्याच खोल्यांत आलं. मी खिडकीखालच्या माझ्या जागेवरच झोपायचे, पण आता पाहुणी म्हणून. पाण्याचा माठ कुठे गार राहतो, दाराची कडी कशी वर उचलावी लागते, हे मी नव्या पाळकीणबाईंना सांगत होते. त्यांच्या दोन मुलींचे दाखले घेऊन आपल्या शाळेत मीच गेले. भाऊसाहेबांनी रकाना वाचला आणि माझ्याकडे बघून हसले. त्या मुली पहिल्या दिवशी फाटकात हात धरून उभ्या होत्या. आपणही अशाच दिसत असू, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

नव्या पाळकीणबाई प्रेमळ होत्या. पण त्या शनिवारी पावाच्या कडा कोंबड्यांना घालायच्या. मी कधी काही बोलले नाही.

त्या हिवाळ्यात आईच्या लिंबाला फळं धरली, चौदा. पाळकीणबाई म्हणाल्या, “तुझ्या आईचं झाड आहे, तू ठरव.” मी लोणचं घातलं, आयुष्यातलं पहिलं. पप्पा मला भेटायला आले तेव्हा बरणी फडक्यात बांधून त्यांच्याकडे दिली. परतीच्या वाटेवर मनमाडला मीटरगेजची गाडी, पूर्ण्याला पुन्हा बदल, मग हिंगोलीवरून वाशीम. एवढा प्रवास बरणीने पप्पांच्या मांडीवर केला म्हणे. पंधरा दिवसांनी आईचं कार्ड आलं. त्यात अभ्यासाबद्दल चार ओळी होत्या, धाकट्याच्या तापाबद्दल दोन, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: मीठ कमी पडलंय, बुरशी येईल, पुढच्या खेपेला बाईंना विचारून घाल.