काकांचा रिमोट आणि चारचं ऊन

परभणीत माझं रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, मिक्सर, येईल ते. मागच्या उन्हाळ्यात जिंतूर रोडवरच्या एका गावातले काका एकच रिमोट घेऊन तीनदा आले. मागचं झाकण हरवलेलं, सेल रबरबँडनं आवळलेले, वरून प्लॅस्टिकची पिशवी. "बग की बाबा, घरी चालतच नाही."

दुकानात मात्र तो झकास चालायचा. रिमोट तपासायची आमची युक्ती सोपी आहे. मोबाइलचा कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं तोंड त्याच्याकडं धरायचं आणि बटण दाबायचं. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, पण स्क्रीनवर पुढचा बल्ब, म्हणजे एलईडी, फिकट जांभळा लुकलुकतो. (काही मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याला हा उजेड अडवणारी काच असते. मग सेल्फीवाला वापरायचा.) पहिल्यांदा मी कार्बन पुसून दिला, दुसऱ्यांदा सेल बदलले, तिसऱ्यांदा एलईडीच नवा टाकला. पन्नास रुपये घेतले.

काका स्क्रीनकडं बघत म्हणाले, "मोबाइलला दिसतंय अन् मला काऊन दिसंना? मोतीबिंदूचं ऑपरेशन तर आत्ताच झालंय!"

काकांचा जन्म आकाशवाणी परभणी ऐकण्यात गेलेला, म्हणून उजेडाचं समजवायला तिथूनच सुरुवात केली. हे केंद्र 1305 किलोहर्ट्झवर लागतं. त्याच्या रेडिओ लाटेची लांबी, म्हणजे एका शेंड्यापासून पुढच्या शेंड्यापर्यंतचं अंतर, 230 मीटरच्या आसपास भरतं. त्यांच्या घरापासून मारुतीच्या पारापर्यंत म्हणा. नेहमीच्या वायफायची लाट साडेबारा सेंटीमीटर. रिमोटच्या उजेडाची 940 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). केसाच्या जाडीत अशा पाऊणएकशे बसाव्यात. लांबी वेगळी, पण जात एकच, विद्युतचुंबकीय लाटांची, आणि मोकळ्या जागेत वेगही सगळ्यांचा तोच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. आपल्या डोळ्याला यातला साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा पट्टा तेवढा कळतो. 400 कडं जांभळा, 700 कडं तांबडा. रिमोट तांबड्याच्याही पलीकडं, अवरक्तात बोलतो. जांभळ्याहून आखूड ते अतिनील, मग क्ष-किरण, गॅमा. काकांना दवाखान्यातला एक्स-रे ठाऊक होता, तेवढ्यावर भागवलं.

हर्शेलची गोष्ट मात्र मी सोडत नाही. 1800 साली विल्यम हर्शेल हा खगोलशास्त्रज्ञ लोलकातून ऊन पाडून एकेका रंगात थर्मामीटर ठेवत होता. तांबडा संपल्यावर पुढं जिथं उजेडाचं नावही नव्हतं, तिथला पारा सगळ्यात वर चढला.

"म्हंजे ऊन दिसतं त्याच्याहून जास्त असतंय," काका म्हणाले.

मी हो हो केलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो. उत्तर त्या वाक्यातच होतं, पण माझी ट्यूब काही पेटली नाही.

मे महिन्यात औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेलो होतो. (तिथं जवळच लायगोची वेधशाळा व्हायची आहे. ती ज्या गुरुत्वीय लाटा शोधणार त्या या कुळातल्या नाहीत, पण त्या मोजायला लागणारा 1064 नॅनोमीटरचा लेझर मात्र आमच्या रिमोटचाच भाऊबंद, डोळ्याला न दिसणारा.) परतताना काकांकडं थांबलो. दुपारचे चार. आत उकडतं म्हणून टीव्ही ओसरीत आणलेला. पत्र्याच्या फटीतून उन्हाची एक तिरीप टीव्हीच्या खालच्या कोपऱ्यावर पडलेली, नेमकी रिसीव्हरच्या काळसर खिडकीवर.

ती खिडकी दिसणारा उजेड अडवते आणि अवरक्त आत सोडते. रिमोटचा उजेड सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो, रिसीव्हर तेवढाच टिपतो आणि एकसारखा उजेड बाजूला टाकतो. म्हणून घरातल्या दिव्यानं काही बिघडत नाही. पण उन्हातली निम्म्याच्या आसपास ऊर्जा अवरक्तच असते. थेट तिरीप पडली की रिसीव्हरचा डोळाच दिपतो, मग रिमोटची लुकलुक त्याला कुठली दिसायला?

काकांच्या खांद्यावरचा टॉवेल घेऊन तिरिपेच्या आड धरला आणि म्हटलं, दाबा. चॅनल बदललं. टॉवेल काढला, पुन्हा ठप्प. काकांनी चारपाच वेळा करून बघितलं, काकूंना हाक मारून दाखवलं. काकूंनी काही न बोलता जुन्या लुगड्याचं धडपं आणलं आणि पत्र्याच्या फटीत कोंबलं.

चहा झाल्यावर काकांनी एलईडीचे पन्नास रुपये परत मागितले. दिले.