जॉबरच्या रस्त्याने पंढरपूर

सोलापूरहून पंढरपूरला पायी जायचे दोन रस्ते. एक मोहोळवरून, दुसरा तिऱ्हे, कामती, बेगमपूर, माचणूर, मंगळवेढा असा. मोहोळचा जवळ पडतो, पण त्यातला निम्मा पुण्याचा हायवे. दिवसभर ट्रकचा वारा खात चालायचं. आमची दिंडी मंगळवेढ्यावरून जाते. दिंडी म्हटलं तर दिंडी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलच्या मागांवरचे कामगार, काहींच्या बायका, एक रिटायर पोस्टमन आणि सामानाला एक छोटा हत्ती टेम्पो. शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही याच वाटेने जाते. महिनाभर चालून ती सोलापुरात पोचते, दोन दिवस मुक्काम करते. आम्ही तिच्या आधीच निघतो. पालखीबरोबर गेलं की गावोगाव पंगती, केळी, राजगिऱ्याचे लाडू. "फुकटचं खाऊन पाय जड होतात बे," हे जॉबरचं म्हणणं. रस्ता त्याने ठरवलेला, निघायची वेळ त्याची, कुठल्या टपरीवर चहा घ्यायचा नाही हेही त्याचंच. यंदा सगळं तसंच होतं, फक्त जॉबर नव्हता.

जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर तेवढं असायचं, बाकी बायकोसुद्धा त्याला जॉबरच म्हणायची. मी त्याच कारखान्यात फोल्डिंगला आहे. विणून आलेला माल टेबलावर पसरून बघायचा, खोट असेल तर सेकंडमध्ये टाकायचा. मी टाकायचो आणि तो भांडायला यायचा. आमची ओळख अशी भांडणातूनच झाली.

ज्यांनी माग बघितलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. टॉवेलच्या मागाला ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात, एक घट्ट आणि एक सैल. बाण्याचे दोन आडवे धागे फणी जरा मागेच सोडते आणि तिसऱ्या ठोक्याला तिन्ही मिळून पुढे रेटते. त्या रेट्यात सैल ताण्याची वेटोळी वर उठतात. अंग पुसताना हाताला जो मऊपणा लागतो तो या वेटोळ्यांचा. तिसरा ठोका हलका पडला की वेटोळी आखूड येतात, टॉवेल टकला दिसतो. शेडमध्ये सगळे माग एकदम धडधडत असताना जॉबर दारातून यायचा, क्षणभर थांबायचा आणि बरोबर त्या एका मागाकडे चालत जायचा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक मागाच्या सांगाड्याला टेकवायचा, मूठ डाव्या कानाला. उजवा कान मागांनीच खाल्ला होता. डोळे मिटून, तोंड थोडं उघडं ठेवून ऐकायचा. मग पान्याने कुठलातरी नट पाव आटा फिरवायचा आणि विणकराला शिव्या घालायचा. एवढा कान असलेल्या माणसाला गळा मात्र बिलकूल नव्हता. हरिपाठाला तो बसला की पोस्टमनकाका त्याच्या हातात टाळ द्यायचे नाहीत, कारण तो टाळही बेतालच वाजवायचा. हे मला आजतागायत कळलेलं नाही.

शिव्या घालायचा म्हणालो, पण त्याही हाताने. माग चालू असताना शेजारच्याच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून शेडमधलं सगळं बोलणं खुणांचं. दोन बोटं जोडून झटकन फाकवली की धागा तुटला. मूठ गोल फिरवली की बीम संपत आला. तळहात खाली दाबला की माग बंद कर. डोक्यावर टोपी घातल्यासारखं केलं की मालक आले. एका पाळीत माणूस इतकं बोलतो आणि घसा कोरडा पडत नाही.

हे खुणांचं बोलणं पुढे असं कामाला येईल असं मात्र कुणाच्या मनात नव्हतं. शेडमध्ये कापसाची फुस्की उडत असते, विडी पेटवली तर सगळा कारखाना जाईल. म्हणून रात्रपाळीला जागं राहायला सगळे तंबाखू धरतात. जॉबरच्या गालात ती कायम असायची. आधी जिभेच्या कडेला एक फोड, मग तो भरेना, मग बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशनमध्ये जिभेचा बराच भाग गेला. घरी आणला तेव्हा नाकातून नळी होती आणि बोलणं संपलेलं होतं. वहिनी पाटी-पेन्सिल घेऊन बसायच्या, पण त्याला लिहायचा कंटाळा आणि त्यांना त्याचं अक्षर लागत नव्हतं. मी पाळी सुटली की जायचो. तो मला बघून उठून बसायचा आणि दोन्ही हातांनी बडबड सुरू. कारखान्यात काय चाललंय, नवा पोरगा फणी नीट बसवतो का, मालकांनी दिवाळीचा हिशेब दिला का. मी उत्तरं द्यायचो, तीसुद्धा हातानेच. त्याला ऐकू येत होतं, तरी सवयीने. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, मला पण सांगा की काय म्हणतायत." मग मी मध्ये बसून दुभाषा. हळूहळू त्याही शिकल्या. बीम संपत आला ही खूण त्या सलाइनच्या बाटलीसाठी वापरायला लागल्या, आणि ते बघून जॉबर असा काही हसला की नळी सुटायची वेळ आली.

संक्रांतीची गड्ड्याची यात्रा चालू होती तेव्हा गेला. होम मैदानावर पाळणे फिरत होते. वय ४४.

वहिनी यंदा पहिल्यांदाच दिंडीत आल्या. आजवर घरी विड्या वळायला बसायच्या. रोजचा हजार विड्यांचा कोटा सोडून कसं जायचं, म्हणून राहायच्या. या वेळी मीच विचारणार होतो, त्याआधी त्यांनीच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा आमच्या घरी आणून ठेवला. "तुमच्या सामानात टाका," एवढंच म्हणाल्या.

पहाटे निघालो. देगाव मागे पडलं, तिऱ्ह्याला सीनेच्या पुलावर ऊन लागलं. आषाढ असून पावसाचा पत्ता नाही, नुसता वारा. आमच्याकडे आषाढात वारंच जास्त येतं. टोपी एका हाताने धरून चालायचं. आणि वाटेत जो भेटेल तो जॉबरची चौकशी करायचा. दरवर्षीच्या वाटेवरची माणसं, त्यांना काय माहीत. पंक्चरवाला, कामतीचा हॉटेलवाला, पाण्याची टाकी उघडून देणारी म्हातारी. सांगितलं की सगळ्यांचं एकच वाक्य, "अरेरे, देवमाणूस होता." दिंडीतलेही तेच म्हणत होते. कारखान्यात फोटोला हार घातला तेव्हाही तेच.

मला या शब्दाचा राग येतो. गेलेल्या माणसाला घाईघाईने देवमाणूस करून टाकलं की त्याला आठवायचं काम संपलं. देवमाणसाला चेहरा नसतो, खोड नसते, तो कुणाशी भांडत नाही. जॉबर तर माझ्याशी एका टॉवेलवरून आठ दिवस बोलला नव्हता. तो टॉवेल मी सेकंडमध्ये टाकला आणि तो म्हणत होता की खोट विणकामात नाही, धुण्यात आहे. शेवटी डाइंगमधून कळलं, बरोबर त्याचंच होतं. पण त्याने ते मला वर्षभर ऐकवलं. हा माणूस मला हवा आहे. पंक्चरवाल्याला हे कुठे सांगत बसू.

बेगमपूर ओलांडून भीमेच्या पुलावर आलं की माचणूर दिसतं. काठावर सिद्धेश्वराचं दगडी मंदिर, घाट, शेजारी औरंगजेबाच्या काळातला किल्ला. १६९५ ते १६९९ बादशहाची छावणी इथल्या ब्रह्मपुरीला होती. हे जॉबरला कुणीतरी सांगितलेलं आणि दरवर्षी घाटावर पाय बुडवून बसलं की तो सुनवायचा, "एवढा दिल्लीचा बादशहा, पंढरपूरपासून दीड दिवसाच्या चालीवर चार वर्षं बसला, एकदा वारी झाली नाही बघ त्याच्याच्याने. नशिबात लागतं बे." यंदा घाटावर हे वाक्य तिघांनी एकदम म्हटलं. हसलो. पाणी बऱ्यापैकी होतं, उजनीतून सोडलेलं असावं.

माचणूरपुढे मंगळवेढ्याचं काळं रान लागतं. ज्वारीचा मुलूख. पण ज्वारी तिथे रब्बीची, त्यामुळे आषाढात नजर जाईल तिथवर नांगरलेली नुसती काळी ढेकळं. सावलीला झाड नाही. या टप्प्यावर कुणी कुणाशी बोलत नाही, आणि ते बरं असतं. मी वहिनींच्या मागे चालत होतो. त्यांच्या पायात जॉबरच्या चपला होत्या, मोठ्या पडत होत्या, टाचेमागे चार बोटं जागा. पायाला फोड येतील म्हणून मी सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "आलेत." आणि चालत राहिल्या.

मंगळवेढ्याला मुक्काम शाळेच्या व्हरांड्यात. रात्री हरिपाठ झाला की पोस्टमनकाका चोखोबांची गोष्ट सांगतात, दरवर्षी. चोखोबा याच गावचे. गावकुसाच्या भिंतीचं काम चाललं होतं, भिंत ढासळली आणि काम करणारे मजूर खाली गाडले गेले, त्यांत चोखोबाही. साल १३३८ सांगतात. नामदेव पंढरपुराहून आले तोवर माती उपसून नुसती हाडं राहिलेली. कुणाची कुठली, कसं ओळखणार? तर नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती वेगळी काढली. ती पंढरपूरला नेऊन महाद्वारासमोर समाधी बांधली.

इथे दरवर्षी जॉबर विचारायचा, "काका, बाकीच्या हाडांचं काय झालं?" आणि काका भडकायचे. "सगळे मजूरच होते की," जॉबर सोडायचा नाही. "त्यांची घरची आली असतील ना? त्यांनी काय ऐकायचं?" काकांकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पण प्रश्न जॉबरचाच होता, दुसऱ्या कुणाला सुचला नसता. यंदा काका गोष्ट संपवून सवयीने थांबले. कुणी काही विचारेना. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "विचारा की लेको कुणीतरी," म्हणाले.

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी सुस्कारा टाकला, "देवमाणूस होता."

"देवमाणूस कसला!" वहिनी एकदम म्हणाल्या. "आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवायचे. माझ्या आईच्या तेराव्याला आले नाहीत, बीम चढवायचा होता म्हणून. पोराला शाळेत घालताना जन्मतारीख चुकीची सांगून आले, अजून दुरुस्त होत नाही. देवमाणूस म्हणे."

एक क्षण कुणाला काय करावं कळेना. मग विणकरांपैकी एकजण खाकरला आणि म्हणाला, "वहिनी, राग मानू नका, पण माझे पाचशे रुपये राहिलेत त्यांच्याकडे." "माझे तीनशे," दुसरा. कुणी सांगितलं, रात्रपाळीला तो मागाच्या खाली डोकं घालून दुरुस्ती करतोय असं दाखवून झोपायचा. कुणी सांगितलं, नव्या पोरांना पान्याने बोटांवर हाणायचा, आणि त्याच पोराचं बोट फणीत सापडलं तेव्हा त्याला खांद्यावर टाकून गेटपर्यंत पळत गेला होता, रिक्षाचे पैसे मात्र नंतर त्याच्याच पगारातून कापून घ्यायला लावले. मी टॉवेलची गोष्ट सांगितली. काका म्हणाले, त्याला टाळ दिला नाही म्हणून एकदा तो माळशिरसच्या दिंडीत जाऊन बसला होता आणि तिथूनही हाकलला गेला. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मधूनमधून "हो, हे खरं," "नाही, हे खोटं आहे, तो दुसरा जॉबर" अशी निवड करत होत्या. नामदेवांनीही ढिगाला हात जोडून सगळेच बिचारे पुण्यवान म्हटलं नव्हतं. एकेक हाड उचलून कानाला लावलं होतं.

झोपायला फार उशीर झाला. पाचशे आणि तीनशे वहिनींनी लक्षात ठेवले. सोलापूरला गेल्यावर देईन म्हणाल्या, घेणार कोण आहे.

पंढरपुरात आषाढीला आमच्यासारख्यांना आतलं दर्शन मिळत नाही, आणि बारीत दिवस-दीड दिवस उभं राहायची कुणाची ताकदही नसते. चंद्रभागेत बुडी मारायची, कळसाला हात जोडायचे, नामदेव पायरी आणि समोर चोखोबांची समाधी, झालं. पण त्या पायरीपाशीच सगळ्यात जास्त रेटा. टाळ, मृदंग, माइकवरून हरवलेल्यांची नावं, पोलिसांच्या शिट्ट्या. आमची माणसं कधी पांगली कळलं नाही. मी एका बाजूला, वहिनी समाधीच्या बाजूला, मध्ये हजार माणसं आणि एक दोरी. ओरडून उपयोग नव्हता. त्यांनी हात उंच केला, दोन बोटं जोडली आणि झटकन फाकवली. मग टपालाची पिशवी खांद्यावर टाकल्यासारखं केलं. म्हणजे काका सुटलेत. मी तळहात खाली दाबला, तिथेच थांबा. त्यांनी मूठ गोल फिरवली, काय संपत आलं ते कळेना. मग पायाकडे बोट दाखवलं. चपलेचा अंगठा.

दोरीवरच्या पोलिसाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे, आणि शेजारच्याला म्हणाला, "मुके आहेत रे दोघं, जाऊ दे." दोरी वर झाली. मी तोंड गच्च मिटून खालून वाकून निघालो, आणि अर्ध्यात पोचतोय तोच मागून पोस्टमनकाकांचा खणखणीत आवाज आला, "अहो जॉबरच्या वहिनीऽऽ!" आणि आम्ही दोघंही एकदम मोठ्याने ओरडलो, "ओ काका, इकडे!"

पोलीस बघतच राहिला.