ते ज्याला टेकडी म्हणतात

आधी हे लिहून टाकतो, नाहीतर मागच्या गोष्टी सांगताना राहून जाईल. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात विल्यम्स लेकहून समुद्राकडे बेला कूलाला जाणारा हायवे 20 पूर्ण डांबरी नाही. मला 'आता सगळं डांबरी झालंय, झोपेत पोचशील' असं सांगणारा माझ्याच ऑफिसातला. दोनदा जाऊन आलेला, म्हणून मी डोळे झाकून विश्वास ठेवला. परत आल्यावर कळलं, पठ्ठ्या दोन्ही वेळा व्हँकुव्हरहून विमानाने गेला होता.

आम्ही चौघं. मी, बायको, साताऱ्याहून महिन्याभरासाठी आलेला मेहुणा आणि त्याची बायको. गाडी आमचीच, सहा वर्षं जुनी सीआरव्ही. सप्टेंबरचा दुसरा आठवडा. व्हँकुव्हरजवळच्या सरेहून निघायचं, विल्यम्स लेकला मुक्काम, तिथून बेला कूला, मग गाडी बोटीत घालून पोर्ट हार्डी आणि व्हँकुव्हर बेटावरून घरी. सात दिवस, जवळपास पंधराशे किलोमीटर. पहिला दिवस होप, फ्रेझर कॅन्यन, कॅश क्रीक असा सरळ आहे, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

माझी चूक दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. मॅपने साडेपाच-सहा तास दाखवले, म्हणून आम्ही आरामात नाश्ता करून दहाला निघालो. सातला निघा. आम्हाला नऊ तास लागले. चिल्कोटिनच्या पठारावर रस्ता चांगला आहे, पण कुंपण नसलेल्या कुरणांतल्या गायी मधोमध उभ्या असतात आणि हॉर्नला अजिबात दाद देत नाहीत. 2017 च्या वणव्यात जळालेली झाडं अजून काळ्या काड्यांसारखी उभी आहेत. मेहुण्याच्या बायकोने दर दहा मिनिटांनी फोटोसाठी गाडी थांबवली, त्यातही तास गेला.

पेट्रोल, म्हणजे इथल्या भाषेत गॅस, विल्यम्स लेकला टाकी गच्च भरून घ्या. पुढे टाटला लेक, निम्पो लेक, अनाहिम लेक इथे मिळतो, पण महाग आणि पंप संध्याकाळी लवकर बंद. मोबाइलला बहुतेक रस्ताभर रेंज नाही. मॅप आधी उतरवून घ्या आणि निघायच्या सकाळी ड्राइव्हबीसी या सरकारी साइटवर रस्त्याची स्थिती बघा. ऑक्टोबरपासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत आणि वरच्या खिंडीत सप्टेंबरमध्येही बर्फ पडू शकतो. भाड्याची गाडी नेणार असाल तर करार वाचा. कच्च्या रस्त्यावर न्यायची नाही असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं, आणि अशा ठिकाणी गाडी अडकली तर सगळा खर्च तुमच्या गळ्यात.

अनाहिम लेक सुटल्यावर डांबर संपतं. पुढचे साठेक किलोमीटर खडी. साधी खडीसुद्धा नाही, पन्हळी पत्र्यावरून गाडी चालवावी तशा बारीक आडव्या लाटा. तीसने गेलं की दात वाजतात, साठने गेलं की मागची चाकं तरंगायला लागतात. मला पंचेचाळीसचा वेग बरा वाटला. समोरून पिकअप आली की अगदी कडेला घेऊन हळू व्हा. मी झालो नाही. एक खडा आला, काचेवर डावीकडे खाली टक् झालं आणि रुपयाएवढी चांदणी उमटली. मेहुणा म्हणाला, 'काही नाही दाजी, टेप लावू.' ती चांदणी घरी येईपर्यंत वीतभर लांब झाली. विम्यात काचेचं कव्हर आहे का ते जायच्या आधी बघा.

आणि मग हेकमन खिंड. उंची साधारण 1500 मीटर, आणि तिथून रस्ता सरळ समुद्रसपाटीच्या खोऱ्यात उतरतो. इथले लोक याला 'द हिल' म्हणतात, टेकडी! टेकडी म्हणजे आमची पर्वती. हा घाट आहे, आणि तोही कच्चा, जागोजागी एकाच गाडीपुरता आणि कठडा नसलेला. आपल्याकडे निदान कडेला चुना फासलेले दगड तरी असतात. 18 टक्क्यांपर्यंत उतार आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलात की अठरा मीटर खाली.

वर ब्रेक तपासायला गाड्या थांबवायची जागा आहे. तिथे आम्ही ब्रेक न तपासता सेल्फी काढले. मेहुणा म्हणाला, 'दाजी, आंबेनळी पावसात उतरलेली माणसं आपण. याला काय भ्यायचं?' मलाही तसंच वाटलं. मी पसरणीवर गाडी शिकलो आहे. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, हे मला विसाव्या वर्षी पाठ होतं. पण अकरा वर्षं ऑटोमॅटिक चालवून डावा हात गिअर विसरला आणि डोकंही विसरलं. मी डी मध्येच गाडी सोडली आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरायला लागलो. संध्याकाळचे साडेपाच. रस्ता पश्चिमेकडे उतरतो, त्यामुळे काही वळणांवर सूर्य थेट डोळ्यांत. चांदणीवर ऊन पडलं की समोरचं काहीच दिसेना.

तिसऱ्या की चौथ्या नागमोडी वळणावर वास आला. बायको म्हणाली, 'काहीतरी जळतंय.' मी म्हणालो, बाहेरचं असेल. दोन वळणांनी ब्रेकचा पाय नेहमीपेक्षा खोल गेला. ज्यांना हे कधी झालेलं नाही त्यांना सांगतो, पायाखालून पाट सरकतो ना, तसं वाटतं. नशिबाने पुढच्या वळणाला रुंद जागा होती. डोंगराकडे चाकं वळवून थांबलो. पुढच्या डाव्या चाकातून निळसर धूर.

मेहुण्याने लगेच पाण्याचा कॅन काढला. खंबाटकीच्या उतारावर ट्रकवाले ओततात तसं. तेवढ्यात मागून एक जुनी पिकअप आली. आत सत्तरीचा म्हातारा आणि शेजारच्या सीटवर कुत्रा. त्याने खिडकीतूनच ओरडून थांबवलं, 'पाणी नको! डिस्क तडकेल.' मग उतरला, चाकाजवळ वाकला, हात न लावता नुसता तळवा धरून उष्णता बघितली आणि म्हणाला, चाळीस मिनिटं. आणि खरोखर चाळीस मिनिटं आमच्याबरोबर थांबला. बायकोने थालीपीठ आणि लिंबाचं लोणचं दिलं. थालीपीठ त्याने खाल्लं, लोणच्याचा वास घेऊन कुत्र्यापासून लांब ठेवलं.

या रस्त्याची गोष्ट त्यानेच सांगितली. पूर्वी गाडीरस्ता अनाहिम लेकला संपायचा आणि पुढे घोड्यांची पायवाट. इथे रस्ता होणार नाही म्हणून सरकारने हात वर केले, तेव्हा खोऱ्यातल्या लोकांनीच वरून एक आणि खालून एक बुलडोझर लावला. सप्टेंबर 1953 मध्ये दोन्ही बुलडोझरची पाती मध्ये एकमेकांना टेकली. म्हणून याचं नाव फ्रीडम रोड. मी त्या क्षणी बनवणाऱ्यांना शिव्या देत होतो, ते ऐकून जरा ओशाळलो.

त्याने मला गिअरच्या दांड्यावरचं एल, म्हणजे लो, खालचा गिअर दाखवलं. सहा वर्षांत मी त्याला हातही लावला नव्हता. एल टाकून निघालो तेव्हा इंजिन गिरणीसारखं ओरडायला लागलं. ओरडू द्या, त्याला काही होत नाही. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, दाबून, आणि मग पूर्ण सोडून. सतत अर्धवट पाय ठेवला की आमच्यासारखी गत होते. वर येणाऱ्याला वाट द्या, मागच्याला घाई असेल तर जाऊ द्या, आणि अंधारात उतरू नका. व्हिडिओवाल्यांनी या घाटाची मौत का कुआँसारखी जी दहशत पसरवली आहे तेवढं काही नाही. कोरडा रस्ता, दिवसाचा उजेड आणि खालचा गिअर असेल तर साध्या छोट्या गाड्याही उतरतात. आम्हाला खाली एक जुनी कोरोला भेटली, तिच्यात दोन आज्या होत्या.

खाली आल्यावर मात्र लुटलो गेलो. खोऱ्यात हेगन्सबोर्ग ते बेला कूला एवढ्यात राहायच्या जागा मोजक्याच. आम्ही घेतलेल्या केबिनच्या मालकाने सफाईचे म्हणून पंचाऐंशी डॉलर वेगळे लावले, आणि निघताना चादरी आमच्याकडूनच काढून घेतल्या. सरपणाची एक मोळी पंधरा डॉलर. मोळी म्हणजे सहा ओंडके, त्यातले दोन ओले! बुकिंग करताना सफाई, चादरी, सरपण सगळं धरून एकूण किती, ते लेखी विचारा. आणि सरपण विल्यम्स लेकहून घेऊन या असं लिहिणार होतो, पण लांबची लाकडं आणू नयेत, त्यातून किडे येतात. तेव्हा जॅकेट आणा.

शोधक प्रवासी ॲलेक्झांडर मॅकेन्झीने 22 जुलै 1793 ला पॅसिफिकच्या काठी खडकावर आपलं नाव लिहिलं, तो खडक बघायचा आमचा बेत होता. गाडी जात नाही, बोट करावी लागते, आणि बोटीचा भाव ऐकून आम्ही मॅकेन्झीला लांबूनच नमस्कार केला. तसाही तो इथे एकटा पोचला नाही. नुहॉल्क, म्हणजे इथले मूळ रहिवासी, आणि त्यांच्या शेजाऱ्यांची युलाकॉन माशाच्या तेलाच्या व्यापाराची पायवाट होती, तिच्यावरून त्याला आणलं. थॉर्सन क्रीकची कातळशिल्पं मात्र चुकवू नका, आणि नुहॉल्क वाटाड्या घेऊनच जा. रत्नागिरीची कातळशिल्पं बघितली असतील तर इथे बोलती बंद होते. आमच्याकडची उन्हात उघडी पसरलेली, ही ओल्या शेवाळात, झाडांच्या अंधारात.

अस्वलं. ट्वीड्समुअर पार्कात अटनार्को नदीकाठी बेलार्कोचा मचाण आहे, तिथे सकाळी लवकर गेलो. सप्टेंबरमध्ये मासे वर येतात आणि ग्रिझली त्यांच्या मागे. पाऊण तास काही नाही. मग समोरच्या काठावर एक मादी आणि दोन पिल्लं पाण्यात उतरली. मादीने मासा धरला, पायाखाली दाबला आणि कातडी सोलून फक्त तीच खाल्ली, बाकीचा मासा सोडून दिला. मेहुणा पुटपुटला, 'एवढा पापलेटाएवढा मासा टाकला?' ब्रेक, काच, पंचाऐंशी डॉलर, सगळं त्या अर्ध्या तासात मी विसरलो. म्हणून वर काहीही लिहिलं असलं तरी जा.

पण परत त्याच रस्त्याने येऊ नका. साडेचारशे किलोमीटर पुन्हा तेच. पोर्ट हार्डीची थेट बोट फक्त उन्हाळ्याच्या हंगामात असते, रोज नसते, आणि जागा महिनोन् महिने आधी भरतात. आम्ही मार्चमध्ये तिकीट काढलं होतं. गाडीचे वेगळे आणि माणशी वेगळे. एकूण आकडा मेहुण्याने रुपयांत गुणून बघितला आणि सबंध नाश्त्याला गप्प बसला. दहा तास, झोपायला केबिन नाही, खुर्च्या ठीक. आम्हाला निम्मा वेळ धुकं मिळालं, त्यामुळे खाडीच्या सौंदर्यावर मी काही लिहू शकत नाही. घरचं खाणं बरोबर ठेवा.

बेटावरचे दोन दिवस छान गेले. रस्ता गुळगुळीत, मजा आली.

सरेला आल्यावर पुढचे पॅड आणि दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या. बेअर स्प्रेचा, म्हणजे अस्वल हाकलायच्या तिखट फवाऱ्याचा डबा तसाच सीलबंद आहे. तो मेहुण्याला गावाकडे न्यायचा होता, उसात बिबट्या येतो म्हणून. विमानात चालत नाही असं सांगूनही त्याने बॅगेत भरला आणि मी निघायच्या रात्री काढून घेतला. सरेच्या आसपास कुणी बेला कूलाला निघत असेल तर सांगा, देऊन टाकतो.