मुलांसोबत व्हेगन फिरताना: हॉटेल शोधू नका, ताट जमवा

मोठ्या शहरात व्हेगन, म्हणजे मांस-मासेच नाही तर दूध, अंडी, मधही नसलेलं खाणं मिळतं का, हा प्रश्न आता फारसा उरलेला नाही, मिळतंच. खरा प्रश्न वेळेचा असतो. आपण मोठी माणसं अजून अर्धा तास कळ काढू शकतो पण पाच वर्षांचं पोर नाही काढत, आणि अ‍ॅपवर जे दीड किलोमीटर दिसतं ते मुलांना घेऊन चालताना म्हणजे एक कडेवर, दुसरीच्या बुटाची लेस सुटलीय, मध्येच कुणाला तरी शू लागलीय, असं करत करत पाऊण तासावर जातं. आणि एवढं करून पोचल्यावर दाराला कुलूप. त्या क्षणी मुलांचा जो चेहरा होतो ना, तो बघवत नाही.

म्हणून आम्ही आता वेगळाच हिशोब ठेवतो. प्रत्येक जेवणाला व्हेगन हॉटेल गाठायचंच असा हट्ट नाही, वाटेत आलं तर छानच, नाहीतर समोर जे साधं हॉटेल असेल तिथे बसायचं आणि त्यांच्या मेनूतून ताट जमवायचं. मुख्य डिश सोडून द्या, साइड डिश वाचा. उकडलेले किंवा भाजलेले बटाटे, साधा भात, राजमा किंवा छोले टाइप कडधान्य, परतलेल्या भाज्या, सॅलड, ब्रेड, अ‍ॅव्होकाडो असेल तर अजून मजा. असे तीनचार बाऊल मधे ठेवले की मुलं एरवीपेक्षा जास्त खातात, कारण प्रत्येकाला हवं ते उचलता येतं. माझ्या अनुभवात लहान मुलांसाठी बनवलेला वेगळा किड्स मेनू मात्र आपल्या काहीच कामाचा नसतो, त्यात सगळं चीज नाहीतर नगेट्स, तो सरळ बाजूला ठेवून द्यायचा.

व्हेगन खाण्याची ठिकाणं शोधायचं हॅपीकाऊ अ‍ॅप बहुतेकांना माहीत असेल, १९९९ पासून ती साइट आहे. त्यात पूर्ण व्हेगन, व्हेजिटेरियन आणि व्हेज पर्याय असलेली अशी वेगवेगळी ठिकाणं दिसतात. लोक फक्त पहिला फिल्टर लावतात, पण मुलं सोबत असतील तर मला तिसरा जास्त उपयोगी वाटतो, कारण ती ठिकाणं संख्येने जास्त असतात, जवळ असतात आणि तिथे बसायला ऐसपैस जागा असायची शक्यता जास्त. शेवटचा रिव्ह्यू कधीचा आहे तेवढं नक्की बघा, छोटी व्हेगन हॉटेलं बंद पडतात आणि यादीत तशीच राहतात. वेळा पण बघा. बऱ्याच ठिकाणी दुपारचं जेवण संपलं की किचन बंद आणि मग थेट रात्रीच्या जेवणाला उघडतं, आणि पोरांना भूक नेमकी त्या मधल्या वेळात लागते, दर वेळी. शंका असेल तर सरळ फोन करायचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता विचारायचं कसं. "हे व्हेगन आहे का?" एवढंच विचारलं की समोरचा पटकन हो म्हणून मोकळा होतो, त्याच्या मनात असतं की यात मटण नाही म्हणजे झालं. एकदा स्टेशनजवळच्या छोट्या हॉटेलात लेकीला व्हेजिटेबल सूप हवं होतं, वेटर म्हणाला हो हो व्हेगनच आहे, नुसत्या भाज्या. मी म्हटलं दादा, पाणी कसलं आहे, नुसतं पाणी की स्टॉक? तो थबकला, आत गेला, परत आला आणि म्हणाला चिकनचा स्टॉक आहे. त्याच्या मागोमाग स्वयंपाक करणारे काकाच बाहेर आले, त्यांनी मुलांकडे बघितलं, आम्हाला काय चालतं ते नीट विचारून घेतलं आणि मग आतून गरम बटाटे, फरसबी, टोमॅटो, वर तेल मीठ आणि लिंबू असं भरलेलं बाऊल घेऊन आले. मेनूत असलं काही नव्हतंच. लेकीने बाऊल चाटूनपुसून संपवलं आणि अजून मागितलं. जो माणूस शिजवतो त्याच्यापर्यंत प्रश्न पोचला की काम होतं, असं मला मनापासून वाटतं, आणि लहान मुलं दिसली की बहुतेक किचनवाले खरंच मनापासून मदत करतात.

तर एकेक जिन्नस विचारा. भातात किंवा भाजीत बटर आहे का, मॅश केलेल्या बटाट्यात दूध आहे का (जवळपास नेहमी असतंच), ब्रेडला वरून अंडं किंवा बटर लावलंय का. पास्ता सुका पाकिटातला असेल तर तो बहुतेक वेळा नुसता गव्हाचा असतो, ताज्या पास्त्यात अंडं असू शकतं. पेस्टो सॉसमधे चीज असतं. व्हेज बर्गरची पॅटी बांधायला बऱ्याचदा अंडं घालतात, हे तर कित्येकांच्या लक्षातच येत नाही. फ्राइज ज्या तेलात तळतात त्यातच चिकन तळतात का, हे चालवून घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, आम्ही विचारतो आणि दुसरं काही असेल तर ते घेतो.

खरं सांगू का, प्रवासात आमची अर्धी जेवणं सुपरमार्केटमधून होतात. लेबल वाचायचं काम दोन्ही मुलांनी वाटून घेतलंय. युरोपियन युनियनमधे १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थ घटकांच्या यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, बहुतेक ठिकाणी ठळक अक्षरात असतात, त्यात दूध, अंडी, मासे सगळं येतं. अमेरिकेत अशी ९ पदार्थांची यादी आहे, २०२३ पासून त्यात तीळ आले. त्यामुळे मुलगा पाकीट उलटं करतो, ठळक शब्दांवर बोट फिरवत जातो, "मिल्क... आई, ठेव परत." पण या यादीत मध येत नाही, आणि गोळ्या-जेलीमधलं जनावराचं जिलेटिनही येत नाही, म्हणून नंतर एकदा सगळी यादी मी वाचते. लाल रंगाच्या गोळ्यांमधे ई१२० दिसलं तर तो किड्यापासून काढलेला रंग, तो नको. आणि "दुधाचा अंश असू शकतो" असं जे लिहितात ते त्याच कारखान्यात दूध वापरतात म्हणून, तो घटक नसतो, आम्ही ते खातो. पण मुलाला दुधाची अ‍ॅलर्जी असेल तर तिथे अजिबात रिस्क घेऊ नका, व्हेगन लिहिलंय म्हणजे अ‍ॅलर्जीवाल्यांना सेफ असं नसतं. आपल्याकडचा हिरवा ठिपकाही फक्त शाकाहारी सांगतो, दूध त्यात चालतं, व्हेगनचं चिन्ह वेगळं आहे.

दुधाबद्दल थोडं जास्त लिहिते कारण मुलांचा प्रश्न आहे. प्रवासात समोर येईल ते प्लांट मिल्क, म्हणजे सोया, बदाम, तांदूळ असल्यांपासून केलेलं दूध, उचलू नका. सोया मिल्कमधे प्रोटीन चांगलं असतं, बदामाच्या दुधात फारच कमी. तांदळाचं दूध ५ वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं ब्रिटनची आरोग्य सेवा सांगते, त्यात आर्सेनिकचं प्रमाण जास्त असू शकतं म्हणून. कॅल्शियम आणि व्हिटॅमिन बी१२ घातलंय का ते डब्याच्या मागे बघा, ऑर्गॅनिक लिहिलेल्यांमधे बऱ्याचदा घातलेलं नसतं. बी१२ तर खाण्यातून भागेल असं धरूच नका, वनस्पतीत ते भरवशाचं मिळत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा ड्रॉप्स ब्रशच्या पाऊचमधेच ठेवा म्हणजे विसरत नाही.

बॅगेत कायम काहीतरी असतंच, केळी, पीनट बटर आणि ब्रेड, खजूर, भाजलेले चणे मोठीसाठी. धाकट्याला अख्खे दाणे-बदाम देत नाही, ५ वर्षांखाली ते घशात अडकायची भीती असते, त्यापेक्षा पीनट बटर पातळ लावून बरं. विमानाने जात असाल तर जेवणासाठी व्हीजीएमएल हा कोड मागा, तो दूध-अंडं नसलेला. एव्हीएमएल म्हणजे एशियन व्हेज, त्यात दही पनीर येतं. आणि निदान एक दिवस आधी सांगा, बऱ्याच कंपन्यांना तेवढा वेळ लागतोच.

एक गोष्ट मात्र मला फार महत्त्वाची वाटते. फिरताना आजूबाजूची सगळी पोरं आइसक्रीम खातायत आणि आपली बघतायत, असं होऊ द्यायचं नाही. व्हेगन म्हणजे आपल्याला नेहमी नाहीच म्हणतात, असं त्यांच्या मनात बसलं तर पुढे त्यांना यात काहीच गोडी वाटणार नाही, आणि जनावरांबद्दल जे आपण त्यांना सांगतो ते सगळं शिक्षेसारखं वाटायला लागेल. म्हणून मी जेवणाआधी गोड कुठे मिळेल ते शोधून ठेवते. फळांचं सॉर्बे बहुतेक आइसक्रीमच्या दुकानात असतं, बिनदुधाचं आहे ना तेवढं विचारायचं आणि धुतलेला स्कूप वापरा म्हणायचं. लेक आता स्वतःच काउंटरवर टाचा उंचावून विचारते, आणि उत्तर हो आलं की मागे वळून भावाला दोन बोटं दाखवते, दोन फ्लेवर घ्यायचे म्हणून.