तुमच्या आजोबांनी मुंबईत बांधलं काय?

माझे आजोबा सिव्हिल इंजिनियर होते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "हो का? मग मुंबईत काय काय बांधलंय त्यांनी?" लग्नात विचारतात, ऑफिसात विचारतात, एकदा तर टॅक्सीवाल्याने विचारलं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल नाहीतर एखादा टॉवर असतो. बोट दाखवावं असं माझ्याकडे काही नाही. "पाणी खात्यात होते," एवढं सांगितलं की विषय संपतो. तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत, म्हणून आज नीट सांगते.

आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा साठच्या दशकात महापालिकेच्या पाणी खात्यात लागले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं रस्त्याखाली गेली. नवी लाइन टाकण्यापेक्षा जुनी सांभाळण्याचंच काम जास्त. विहार तलावाचं पाणी शहराला १८६० पासून मिळतंय, तानसा तलावाचं १८९२ पासून. जुने बिडाचे पाइप, शिसं आणि ताग ठोकून केलेले सांधे, वरून ट्राम गेली, ट्रक गेले, रस्ते चारचारदा खणले गेले. यातलं कुठे काय झिरपतंय ते शोधायचं, आणि तेही रात्री. दिवसा रहदारीत ऐकू येत नाही म्हणून.

हो, ऐकूच. त्यांच्याकडे एक लोखंडी सळई होती, माझ्या तेव्हाच्या उंचीहून मोठी, वरच्या टोकाला कानाला लावायची वाटी. खालचं टोक पाइपवर किंवा व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखून उभं राहायचं. खात्यात तिला रॉडच म्हणत. निवृत्त झाल्यावरही ती सळई आमच्या दादरच्या घरात दाराआड उभी असायची. केर काढताना आजी रोज ती उचलून बाजूला ठेवायची आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. "अहो, ही द्या ना कुणाला तरी," असं तिने म्हटलेलं मात्र मला आठवत नाही.

मी पाचवीत असताना माझ्या धाकट्या भावाला कावीळ झाली. आठवड्याभरात आमच्याच बिल्डिंगमधली आणखी तीन मुलं आजारी पडली. डॉक्टरांनी पाण्याबद्दल विचारलं आणि अण्णांचा चेहरा उतरला. त्या रात्री ते जेवले नाहीत. पाणी खात्यातला माणूस आणि त्याच्याच नातवाला पाण्यातून कावीळ, हे त्यांना सोसवत नव्हतं.

आमच्याकडे पाणी पहाटे साडेचारला यायचं. दुसऱ्या दिवशी चारलाच उठून अण्णांनी खालच्या टाकीचा कॉक बंद केला. टाकीत पाणी पडत नसेल तर पाइपमध्ये पाणी नुसतं दाबाने उभं राहायला हवं, आवाज व्हायला नको. मी मागोमाग खाली गेले, त्यांनी हाकललं नाही. बाहेर चावीवाल्या काकांनी व्हॉल्व्ह सोडला, हळूहळू, कारण चावी झटक्यात फिरवली तर पाण्याचा धक्का सांध्याला बसतो. अण्णा मीटरपासून गेटपर्यंत हात-हात सरकत होते. सळई टेकवायची, ऐकायचं, उचलायची. गेटपाशी ते थांबले. मला जवळ घेतलं, वाटी माझ्या कानाला लावली.

"काय ऐकू येतंय?"

दूध वर यायच्या आधी पातेल्यात जी बारीक सरसर होते, तशी. मी तसंच सांगितलं. अण्णांनी मान हलवली. "बरोबर. इथेच."

दुपारी प्लंबरने खणलं. बिल्डिंगच्याच मालकीचा तो पाइप गटाराच्या भिंतीला चिकटून गेला होता, गंजून खरपुडी धरलेला, आणि त्याला मुगाच्या दाण्याएवढं भोक. पाणी चालू असताना त्या भोकातून पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं, दाब गेला, की तेच भोक बाहेरचं आत ओढतं. गटाराच्या कडेला असेल तर काय ओढेल ते सांगायला नको. अण्णांनी हे मला एवढ्याच शब्दांत समजावलं होतं. आजही कुठे पाइप गटारातून गेलेला दिसला की माझ्या पोटात कालवतं.

पाइप बदलला, गटारापासून लांब घेतला. भाऊ दोन महिन्यांत बरा झाला. पण अण्णा आजीला म्हणाले, "जन्मभर लोकांच्या दाराशी कान लावला, आपल्या दाराशी नाही लावला." त्यानंतर दर महिन्याला एका पहाटे ते कॉक बंद करून गेटपर्यंत ऐकत जायचे. शेवटच्या आजारपणापर्यंत.

जुलै महिना त्यांचा सणाचा. पेपरात तलावांच्या पातळ्यांचा तक्ता यायचा, तो चहाच्या आधी. मोडकसागर १६३.१५ मीटरला भरतो, तानसा १२८.६३ला, हे आकडे मला पाढ्यांसारखे पाठ आहेत. हे मीटर समुद्रसपाटीपासून मोजत नाहीत. पाणी खात्याचं मोजमाप टाउन हॉल डेटमचं, म्हणजे उंची जिथून मोजायची त्या ठरवलेल्या पातळीचं, आणि त्याचं शून्य समुद्राच्या पातळीच्याही बरंच खाली. एका रविवारी त्यांनी मला फोर्टात नेऊन टाउन हॉल दाखवला, जिथे एशियाटिकचं ग्रंथालय आहे. त्या पायऱ्यांवर बसून ते म्हणाले, "आपल्या नळाची उंची या घराच्या नावाने मोजतात." मी पायरीला हात लावून पाहिला.

वैतरणा नदीवरचं मोडकसागरचं धरण १९५७ साली पुरं झालं. मोडक हे मुंबईचे नगर अभियंता. १९४८ साली अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांच्याबरोबर बृहन्मुंबईचा आराखडा त्यांनीच केला. तलावाला इंजिनियरचं नाव आहे, हे अण्णांना फार मोठं वाटायचं. स्वतःसाठी नव्हे, त्या कामासाठी. तिथलं पाणी मुख्यतः उतारानेच शहरापर्यंत येतं. शहापूरच्या पलीकडून एवढा उतार जपत आणलेलं पाणी दाराशी येऊन गटारात जावं, याचा त्यांना जिवाला लागावा असा राग यायचा.

अण्णा गेले त्याच्या तेराव्याला चावीवाले काका आले. तेही आता निवृत्त, काठी टेकत. पंगतीला बसले नाहीत. दाराआडची सळई पाहिली आणि मला म्हणाले, "ताई, टाकीचा कॉक बंद करता का? आता पाणी येईल."

तेव्हा आमच्याकडे संध्याकाळीही तासभर पाणी यायचं. मी खाली जाऊन कॉक बंद केला. काका मीटरपासून गेटपर्यंत अण्णांसारखेच हात-हात सरकत गेले. वरून पाहुणे बघत होते. गेटपाशी ते बराच वेळ वाटीला कान लावून उभे राहिले. मग सळई धोतराच्या सोग्याने पुसली, वर आणली आणि दाराआड होती तिथे ठेवली.

"काही नाही," म्हणाले. "साहेबांची लाइन गप्प आहे."