जॅक मेली तो दिवस

पर्वरीतल्या एका छोट्या गेम स्टुडिओत मी कथानक आणि संवाद लिहितो. गेल्या पावसाळ्यात आमच्या अंतराळातल्या गेमचा दुसरा भाग करायचं ठरलं. पहिल्यातलं काय ठेवायचं नि काय काढून टाकायचं, यावरून रोज वाद व्हायचे. शेवटी सरांनी सांगितलं, आधी 'मास इफेक्ट २' हा अंतराळातलाच गेम नीट बघा, मग भांडा. खेळायचं काम आमच्या टेस्टरकडे आलं. ती डिचोलीची, नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, आणि वहीत नोंदी करण्यात एकदम काटेकोर.

बायोवेअर कंपनीचा हा गेम २०१० सालचा. २००७ च्या पहिल्या भागावर लोकांनी जीव टाकला होता, पण तक्रारीही पुष्कळ होत्या. सामानाच्या यादीत दीडशे वस्तू मावायच्या, त्यातल्या बऱ्याचशा एकसारख्याच बंदुका. माको नावाची गाडी ओसाड ग्रहांच्या डोंगरांवर कोलांट्या खायची. लिफ्ट तर संपता संपायची नाही. दुसऱ्या भागात बायोवेअरने यातलं जवळजवळ काहीच दुरुस्त केलं नाही, सरळ काढून टाकलं. सामानाची यादी गेली, माको गेली. गोळीबार मात्र इतका सुधारला की आमचा कोडिंगवाला पहिल्या तासातच खुर्ची पुढे ओढून बसला.

मला माकोचं वाईट वाटतं, हे मी तिथेही बोललो. निर्जन ग्रहावर उतरल्यावर वर काळं आकाश आणि दूर एखादा सूर्य दिसायचा, तेव्हा विश्व केवढं मोठं आहे ते कळायचं. दुसऱ्या भागात दार उघडलं की आडोसा घ्यायला कमरेएवढे कठडे दिसतात, म्हणजे आता गोळीबार होणार. बंदुकांचंही तसंच. पूर्वी बंदूक तापायची, थांबलं की निवायची. आता थर्मल क्लिप, म्हणजे बंदुकीची उष्णता शोषून घेणारी बदलायची पट्टी, शोधत फिरायचं. कथेतल्या मधल्या दोन वर्षांत साऱ्या आकाशगंगेने बंदुका बदलल्या म्हणे. पण जेकब नावाच्या सोबत्याच्या मोहिमेत दहा वर्षं जगापासून तुटलेल्या माणसांच्या ग्रहावरही त्याच क्लिपा पडलेल्या सापडतात. ज्याला कथेची चाड आहे त्याला हे खटकणारच.

तरीही हा गेम मी मोठा मानतो, तो त्यातल्या माणसांमुळे. मुख्य कथा खरं तर फारशी पुढे सरकत नाही. रीपर, म्हणजे संस्कृती संपवणारी महाकाय यंत्रं, त्यांचं संकट पहिल्या भागाच्या शेवटी जिथे होतं, जवळपास तिथेच राहतं. मधल्या वेळेत शेपर्ड, म्हणजे खेळणाऱ्याचं मुख्य पात्र, एकेक सोबती गोळा करतो आणि प्रत्येकाचं एक जुनं दुखणं निस्तरायला त्याच्याबरोबर जातो. आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकात जसा गावातल्या प्रत्येक नटाला त्याचा स्वतःचा एक प्रवेश मिळतो, तसं हे. मॉर्डिन हा शास्त्रज्ञ तुटक, घाईघाईच्या वाक्यांत बोलतो. क्रोगन या परग्रहवासी जमातीची प्रजा वाढू नये म्हणून पसरवलेल्या रोगावर त्याने स्वतः काम केलेलं आहे, आणि ते कसं योग्य होतं हे तो हिशेबानिशी पटवून देतो. मग त्यांच्या तुचांका ग्रहावरच्या एका पडक्या इस्पितळात, प्रयोगात मेलेल्या एका क्रोगन बाईच्या देहासमोर तो उभा राहतो. युक्तिवाद तोच असतो, पण आवाज बदललेला असतो. संवाद लिहिणाऱ्याने ते पाच मिनिटांचं दृश्य पुन्हा पुन्हा बघावं.

टेस्टरचा जीव जडला होता जॅकवर. अंगभर गोंदलेली, कोणावर विश्वास न ठेवणारी कैदी. लहानपणी तिच्यावर जिथे प्रयोग झाले, त्या प्रेजिया ग्रहावरच्या इमारतीत ती शेपर्डला घेऊन जाते. तिच्या खोलीला एक मोठी काच आहे. त्या काचेपलीकडची मुलं मी ओरडले तरी ढुंकून बघत नसत, असं ती सांगते. काच एकाच बाजूने दिसणारी होती, त्यांना ती कधी दिसलीच नव्हती. शेवटी ती इमारत बॉम्बने उडवते. टेस्टरने त्या दिवशी वहीत नोंद केली नाही, नुसतीच बसून राहिली.

गेममधल्या शेवटच्या 'आत्मघाती मोहिमे'च्या दिवशी बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर फक्त तिचा संगणक आणि राउटर. आम्ही सगळे तिच्यामागे उभे. ओमेगा-४ रिले हे शत्रूच्या प्रदेशाचं दार ओलांडून शेपर्डचं यान नॉर्मंडी पलीकडे गेलं, शत्रूची शस्त्रं यानाच्या कवचाला भेदून आत आली, स्फोट झाला, आणि जॅक गेली.

"अशी कशी मेली? मी तिचं सगळं केलं होतं!" टेस्टर उठून उभी राहिली. "दादा, तुम्हीच सांगा, मी काय चुकवलं?"

चुकवलं होतं ते पॅलेडियम, एक धातू. यानाचं कवच मजबूत करून घे, असं जेकबने तिला केव्हाच सुचवलं होतं. त्यासाठी हा धातू लागतो, आणि धातूसाठी ग्रहांभोवती घिरट्या घालून एक गोल हळूहळू फिरवत बसायचं, आलेखाची रेघ उसळली की प्रोब सोडायचा, पुन्हा फिरवायचं. तिच्या वहीत दुसऱ्याच दिवशी नोंद होती: "कंटाळवाणं. कोणी करणार नाही." नोंद अचूक होती, आणि तिने ते केलं नव्हतं.

यावरून जे वाजलं, त्याला तोड नाही. कोडिंगवाला म्हणाला, हाच तर गेमचा कळस, दुर्लक्षाची किंमत माणसाला मोजावी लागते. आमची चित्रकार म्हणाली, ही शिक्षा आहे, तीही कंटाळा आला म्हणून. सर दोघांचं ऐकत होते. मला दोघांचंही पटत होतं. यान कच्चं ठेवून शत्रूच्या घरात शिरलात तर कोणीतरी मरणारच, हे कथेच्या दृष्टीने निखळ खरं आहे. तसं घडलं नसतं तर 'आत्मघाती मोहीम' हे नाव पोकळ ठरलं असतं. पण त्या मरणाची दोरी गेममधल्या सर्वांत नीरस कामाला बांधणं चूक. जॅकशी तुमचं नातं कसं आहे, याचा त्या स्फोटाशी काडीचा संबंध नाही.

टेस्टरने जुन्या सेव्हवर जायला नकार दिला. बायोटिक, म्हणजे मनाच्या शक्तीचं, कवच धरायला समारा ही दुसरी सोबती होती, तिला घेऊन ती शेवटपर्यंत गेली. शेवटी समोर आला तो माणसाच्या सांगाड्याच्या आकाराचा अवाढव्य रीपर. एवढ्या ताणानंतर डोळ्यांवर नेम धरून गोळ्या घालायचा शत्रू! तिथे कोणी काही बोललंच नाही, भजी मागवली.

आमच्या गेमपुरतं ठरलं ते असं: यानाची दुरुस्ती राहील, आणि ती टाळली तर सोबती मरेलही. पण दुरुस्तीसाठी खनिजं खणायची नाहीत. ज्याला ते काम येतं त्या सोबत्याबरोबर एखाद्या जागी जायचं, त्याचं ऐकायचं, मग तो यानाला हात लावणार. कोडिंगवाल्याला अजून वाटतं की याने खेळ फार सोपा होईल. टेस्टर म्हणाली, होऊ दे, पण मेलेल्याचं कारण खेळणाऱ्याला कळलं पाहिजे. मी त्याच आठवड्यात यानाच्या मेकॅनिकचे संवाद लिहायला घेतले.