दिवाळीपर्यंत माशांविना

ज्येष्ठागौरी पूजन, रात्री उशिरा

आज हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीनं आधी गौरी पाहिल्या, मग टाकीसमोर उभं राहून विचारलं, "अरे, मासे कुठे गेले?" आईनं एकीला सांगितलं, गॅलरीत आहेत, दुसरीला सांगितलं, दवाखान्यात आहेत. दोन्ही खरं आहे. मागच्या गॅलरीत वॉशिंग मशीनला लागून एक साधी काचेची टाकी मांडली आहे. तळाला वाळू नाही की खडक नाही. लपायला पीव्हीसी पाइपाचे तुकडे आणि कोपऱ्यात बुडबुडे काढणारा स्पंज फिल्टर, एवढंच. तिथे ब्लू टँग हा निळा समुद्री मासा आणि क्लाउन माशांची जोडी भरती आहे.

सुरुवात टँगपासून झाली. अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके, आणि दिसेल त्या दगडावर अंग घासणं. हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा परजीवी, खाऱ्या पाण्यातला 'इक', म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा आजार. गोड्या पाण्यातल्या माशांना जो इक होतो त्याचा जीव वेगळा, पण लक्षणं सारखी दिसतात म्हणून सल्लेही तेच मिळतात: मीठ टाका, हीटर वाढवा. समुद्राच्या पाण्यात आणखी मीठ टाकून काय होणार? आणि पाणी गरम केलं तर या परजीवीचं चक्र उलट जोरात फिरतं. दुकानात सल्ला मिळाला, "भिया, लहसुन खिलाओ, दो दिन में साफ." लसूण खाऊन टँगची भूक वाढली असेल, आजार काही हलला नाही. क्लीनर श्रिंप (एक कोळंबी) ठेवा, तो माशांच्या अंगावरचे किडे वेचून खातो, असंही सांगणारे भेटले. ठिपका कातडीवर नसतो, कातडीच्या आत दडलेला असतो. श्रिंप तिथे काय चिमटे लावणार!

खरी गंमत पुढे. काही दिवसांत ठिपके आपोआप गेले. टँग लख्ख निळा. आई म्हणाली, "बघ, उगाच घाबरला होतास. आता मिरच्या-मीठ ओवाळून टाक." मला मात्र त्याच दिवशी जास्त धास्ती वाटली. हा जीव माशाच्या अंगावर साधारण 3 ते 7 दिवस पोसतो, मग बहुतेक रात्रीच्या अंधारात गळून पडतो, वाळूला किंवा दगडाला चिकटतो, भोवती कवच करून आत शेकड्यांनी विभागतो. कवच फुटलं की पिल्लं पोहत बाहेर येतात आणि एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर मरतात. म्हणजे अंग स्वच्छ दिसतं तेव्हा दुखणं मासा सोडून घरभर पसरलेलं असतं. ही कवचं कधी फुटतील याचा नेम नाही. बहुतेक 3 ते 28 दिवसांत फुटतात, पण 72 दिवसांपर्यंत तगल्याचीही नोंद आहे. म्हणून मोठी टाकी 76 दिवस माशांविना ठेवायची, खायला काही मिळू द्यायचं नाही. प्रवाळ, गोगलगायी, श्रिंप तिथेच राहिले. त्यांच्यावर हा जगत नाही.

तांब्याचं औषध सगळ्यांत खात्रीचं मानतात, पण ते प्रवाळ असलेल्या टाकीत घातलं तर श्रिंप आणि गोगलगायी आधी मरतात, शिवाय दगड तांबं शोषून बसतात. म्हणजे मासे बाहेर काढणं आलंच. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना वस्तऱ्यासारखा काटा असतो, जाळीत अडकला की जाळीही फाटते आणि मासाही. दगड एकेक करून बादलीत काढले, दिवे मालवले, आणि लोणच्याची पारदर्शक बरणी पाण्यात आडवी धरून त्याला हळूहळू कोपऱ्यात आणलं. बरणीत शिरल्यावर तो पूर्ण फिका पडला, जणू दुसराच मासा.

गॅलरीत मी तांब्याऐवजी मीठ उतरवण्याचा मार्ग घेतला. पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे खारेपणाचं माप, 1.025 वरून दोन दिवसांत 1.009 वर आणलं. समुद्री माशाचं रक्त समुद्राच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच खारट, त्यामुळे इतक्या फिक्या पाण्यात त्याचा त्रास उलट कमी होतो. परजीवीला मात्र आत शिरणारं पाणी आवरत नाही आणि तो फुटतो. या जिवाच्या काही जाती कमी खाऱ्या पाण्यातही टिकतात, तेव्हा नजर ठेवावी लागतेच. खारेपणा मोजायचं रिफ्रॅक्टोमीटर मी आता आंघोळीच्या आधी बघतो. काचेवर एक थेंब, झाकण दाबायचं, उजेडाकडे धरायचं, निळी-पांढरी रेघ नीट 1.009 वर हवी. दुपारी पाणी उडून ती 1.011 वर गेली तर परजीवीला सवलत मिळते.

नर्मदाकाठच्या जलूदहून 70 किलोमीटर पंपांनी चढवून इंदूरच्या नळात नर्मदा येते, आम्ही आरओ करून तिच्यात मीठ कालवतो, समुद्र करतो, आणि आता पुन्हा तोच समुद्र पातळ करत बसलो आहोत. बाबा म्हणाले, "इतकं करून मुंबईला बदली का घेत नाहीस?"

टँग आज नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून खातोय. क्लाउनच्या जोडीनं पाइप वाटून घेतलाय आणि त्याला जवळ फिरकू देत नाही. पीएच सकाळी 7.9 होता, फिक्या पाण्यात तो घसरतोच. उद्या खाण्याचा सोडा घालायचा आहे, पण आईनं डबा गौरींच्या नैवेद्याच्या भज्यांत रिकामा केलाय. सकाळी दूध आणायला जाताना तोही आणायचा.